केंद्रक नसलेल्या पेशीचे घड्याळ

दिवेलागणीनंतर झाडाची पाने तोडू नयेत, झाडे झोपलेली असतात, असे आपल्याकडील जुनी माणसे सांगत आली आहेत. चिंचेखाली उभे राहिले तर त्याचा पुरावाही मिळतो. सूर्य कलला की तिच्या बारीक पर्णिका जोडीजोडीने मिटू लागतात आणि पहाटे पुन्हा उघडतात. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात अलेक्झांडरच्या पदरी असलेल्या अँड्रोस्थेनीस या अधिकाऱ्याने टायलॉस, म्हणजे आजच्या बहारीन बेटावर, असेच एक झाड पाहिले होते. त्याची नोंद थिओफ्रास्टसच्या वनस्पतिविषयक ग्रंथात शिल्लक आहे, आणि ते झाड चिंचेचे असावे असे अभ्यासक मानतात. बेटावरचे लोक त्याला जे म्हणत तेही या नोंदीत आले आहे: झाड झोपते. म्हणजे निरीक्षण ग्रीकांच्या नावावर जमा झाले असले, तरी त्याचा अर्थ तेथील रहिवाशांनी आधीच लावलेला होता.

झाड झोपते हे मान्य केले तरी झोपेची वेळ झाल्याचे त्याला कोण सांगते, हा प्रश्न उरतोच. या एका प्रश्नाचा इतिहास जवळजवळ तीनशे वर्षांचा आहे. या काळात घड्याळाचा पत्ता अनेकदा बदलला: आधी आकाश, मग वनस्पती, मग पेशीचे केंद्रक, मग केंद्रकातील जनुक. गेल्या वीसेक वर्षांत हा पत्ता पुन्हा धूसर होऊ लागला आहे. पेशीच्या द्रवात विहरणारे, ज्यांना आजवर केवळ इंधन किंवा निरोप्ये मानले जाई असे लहान लहान रेणू घड्याळाच्या कारभारात हात घालताना आढळू लागले आहेत. या वळणाचा एक ठोस पुरावा मात्र १९६१ सालीच छापून आला होता. त्याचे पुढे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा खरा विषय आहे. वाङ्मयेतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना ही हकीकत परकी वाटणार नाही, कारण एखादी कृती प्रसिद्ध होणे आणि ती वाचली जाणे यांतील अंतर आपल्या परिचयाचे आहे.

आरंभ पॅरिसमध्ये होतो. १७२९ साली द मेराँ या खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. जैविक घड्याळाच्या प्रत्येक इतिहासाची सुरुवात या प्रयोगाने होते, परंतु खुद्द द मेराँने ‘आतील घड्याळ’ असा निष्कर्ष काढला नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला दिवस-रात्रीची जाणीव होते, तशी या रोपाला न पाहताही सूर्याची चाहूल लागत असावी, असे त्याचे मत होते. प्रयोग आतल्या घड्याळाचा आणि अर्थ मात्र बाहेरच्या सूर्याचा, अशी ही गंमत आहे.

एक शतकानंतर, १८३२ साली, द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने लाजाळूला अखंड उजेडात ठेवले, तेव्हा तिचा दिवस २२-२३ तासांचाच भरला. ही चूक फार मोलाची होती. रोप चोरून सूर्याचे ऐकत असते तर त्याने चोवीस तास अचूक पाळले असते. ज्या अर्थी ते दररोज तास-दोन तास पुढे जाते, त्या अर्थी घड्याळ त्याचे स्वतःचे आहे. पुढे १९५९ मध्ये फ्रान्झ हालबर्गने या लयीला ‘सर्कॅडियन’ हे नाव दिले, त्यातही ‘सुमारे एक दिवस’ हाच अर्थ आहे. आपण मराठीत ‘दैनिक लय’ म्हणतो तेव्हा नेमके हे ‘सुमारे’ गळून पडते, आणि सगळा पुरावा तर त्या ‘सुमारे’त आहे! परिभाषा घडवणाऱ्यांनी याचा विचार करायला हरकत नाही.

तरीही बाहेरच्या कारणाचा मोह सुटला नाही. हॅम्बुर्ग येथे रोझ स्टॉपेल यांच्या प्रयोगशाळेत अंधारात वाढवलेल्या घेवड्याची पाने रोज एका ठराविक वेळी खाली झुकत. त्यामागे वातावरणातील एखादी अज्ञात शक्ती असावी, असा त्यांचा तर्क होता. १९३० च्या सुमारास फ्रँकफर्टमध्ये एर्विन ब्युनिंग आणि कुर्ट स्टर्न यांनी तोच प्रयोग केला, तेव्हा वेळ जुळेना. शेवटी ध्यानात आले की ही अज्ञात शक्ती म्हणजे पाणी घालायला जाणाऱ्याच्या हातातील मंद तांबडा दिवा होता! तांबड्या प्रकाशाचा रोपांवर परिणाम होत नाही असे तेव्हा धरून चालत. हॅम्बुर्गला पाणी सकाळी घातले जाई, फ्रँकफर्टला दुपारी. रोपे त्या दिव्यावरून आपली वेळ लावून घेत होती. मग दोघांनी स्टर्नच्या घरच्या बटाट्याच्या तळघरात बिऱ्हाड केले आणि तो दिवाही बंद केला. तेव्हा घेवड्याचा दिवस २५.४ तासांचा निघाला. पुढे १९३५ मध्ये ब्युनिंगने निरनिराळ्या कालावधीच्या घेवड्यांचा संकर करून दाखवले, की हा कालावधी संततीत उतरतो.

यानंतर वाद मिटायला हवा होता, पण अमेरिकेत फ्रँक ब्राउन यांनी आकाशाची बाजू लढवतच ठेवली. त्यांनी समुद्रकाठच्या कालवांना शेकडो मैल आत, शिकागोजवळच्या इव्हान्स्टनला आणले, तर काही दिवसांत ती जणू इव्हान्स्टनलाच समुद्र असावा अशा वेळी उघडू लागली, असे त्यांनी १९५४ मध्ये लिहिले. याला मिळालेले सर्वांत झोंबरे उत्तर उपहासाचे होते. १९५७ साली लामाँट कोल या शास्त्रज्ञाने ‘सायन्स’ या प्रतिष्ठित नियतकालिकात एकशिंगी घोड्याच्या जैविक घड्याळावर निबंध प्रसिद्ध केला. यादृच्छिक आकड्यांवर ब्राउन यांच्यासारखीच गणिती प्रक्रिया करून त्याने अस्तित्वातच नसलेल्या प्राण्याची लय सिद्ध करून दाखवली. विज्ञानातही विडंबनाला स्थान आहे, हे विडंबनकाव्य शिकवणाऱ्यांनी नोंदवून ठेवावे.

घड्याळ आत आहे म्हटल्यावर ते कशाचे बनले आहे, हे विचारणे आले. पेशीत जे चालते ते रसायन. पण रसायनाचा स्वभाव असा की दहा अंशांनी तापमान वाढले की क्रिया दुप्पट-तिप्पट वेगाने होते. तसे असते तर उन्हाळ्यात माशीचा दिवस बारा तासांचा झाला असता! कॉलिन पिटेन्ड्रिघ यांनी १९५४ मध्ये दाखवले की फळमाशीचे घड्याळ थंडीत आणि उबेत जवळपास सारख्याच गतीने चालते. रसायनाचे असूनही रसायनासारखे न वागणारे हे यंत्र म्हणजे कोडेच होते.

कोडे सोडवायचा सरळ मार्ग म्हणजे यंत्रात खडा टाकून पाहणे. वुडी हेस्टिंग्ज आणि बिअ‍ॅट्रिस स्वीनी यांनी त्यासाठी गोनिओलॅक्स हे समुद्रातील एकपेशीय शैवाल निवडले. ते रात्री चमकते आणि त्याचे चमकणेही घड्याळाबरहुकूम असते. (कोकणच्या किनाऱ्यावर कधी कधी लाटांत जो निळसर उजेड दिसतो, तो याच वर्गातील एका वेगळ्या जीवाचा.) या शैवालावर त्या काळी अनेक रसायनांचे प्रयोग झाले. चमक मंदावली, काही वेळा विझली, परंतु वेळ सहसा चुकली नाही. दिवा आणि घड्याळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढे त्यातून कळले. मोजकीच द्रव्ये घड्याळाला स्पर्श करू शकली. ब्युनिंगने घेवड्याला जड पाणी पाजले, तेव्हा त्याचा दिवस लांबला. पुढे एंगेलमान यांनी आपल्या पानफुटीच्या जातकुळीतील एका फुलझाडाला लिथियम दिले, तर त्याच्या पाकळ्यांची लयही संथ झाली. इतक्या साध्या पदार्थांनी घड्याळ हलते, ही गोष्ट तेव्हा विक्षिप्त तळटीपेसारखी बाजूला पडली.

आणि आता १९६१. स्वीनी यांनी फ्रान्सिस हॅक्सो यांच्यासह ‘सायन्स’मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा जीव होता अ‍ॅसिटॅब्युलेरिया: एकच पेशी, पण काही सेंटिमीटर लांब, वर छत्रीसारखा शेंडा, खाली मुळासारखा भाग आणि त्या खालच्या भागात एकुलते एक केंद्रक. या शैवालाला जीवशास्त्रात आधीच मान होता. १९३० च्या दशकात जर्मनीत योआखिम हॅमर्लिंग यांनी एका जातीचे देठ दुसऱ्या जातीच्या बुडावर जोडून सिद्ध केले होते, की छत्रीचा आकार अखेरीस केंद्रकच ठरवते. केंद्रकाचे सार्वभौमत्व ज्याच्या साक्षीने प्रस्थापित झाले, तो हा साक्षीदार. स्वीनी-हॅक्सो यांनी त्याचे बूड केंद्रकासकट कापून टाकले आणि उरलेल्या देठाच्या प्रकाशसंश्लेषणाची लय मोजली. लय चालूच राहिली, एखाद-दुसऱ्या दिवसापुरती नव्हे तर अनेक दिवस.

सम्राटाचा शिरच्छेद झाला आणि राजवाड्यातील घंटा ठरल्या वेळी वाजतच राहिल्या. अशा वेळी दोनच शक्यता असतात: घंटा वाजवणारा सम्राट नव्हताच, किंवा त्याने पुढच्या अनेक दिवसांचे हुकूम आधीच लिहून ठेवले होते. दुसरी शक्यताही खोटी म्हणता येत नव्हती. अ‍ॅसिटॅब्युलेरियामध्ये केंद्रकातून निघालेले संदेश दीर्घकाळ टिकतात. शिवाय १९६४ मध्ये श्वायगर आणि सहकाऱ्यांनी हा गुंता आणखी वाढवला. त्यांनी एका पेशीचे केंद्रक उलट्या दिवस-रात्रीत वाढलेल्या दुसऱ्या पेशीत बसवले, तर पेशीची वेळ काही दिवसांत नव्या केंद्रकाच्या वेळेप्रमाणे वळली. म्हणजे केंद्रक नसले तरी घड्याळ चालते आणि केंद्रक असले तर ते घड्याळ लावते. मालक की नोकर, या भाषेत हे वाक्य बसत नाही. आमच्या मते हा निष्कर्ष मागे पडण्याचे खरे कारण हेच आहे. तो कुणी खोडून काढला नव्हता, पण त्याची गोष्ट सांगता येत नव्हती.

गोष्ट सांगता येईल असा पुरावा दहा वर्षांनी आला. १९७१ साली कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का या विद्यार्थ्याने आपले गुरू सीमोर बेन्झर यांच्यासह फळमाशीची तीन उत्परिवर्ती घराणी शोधली. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा, आणि तिसरीला दिवसच नाही. तिन्ही बदल एकाच जनुकात होते. त्याचे नाव ‘पीरियड’ ठेवण्यात आले. १९८४ मध्ये जेफ्री हॉल आणि मायकेल रॉसबॅश यांनी, तसेच स्वतंत्रपणे मायकेल यंग यांनी, हे जनुक वेगळे केले. १९९० मध्ये चक्राचे चित्र पुरे होत आले: जनुकाची प्रत निघते, प्रतीवरून प्रथिन बनते, प्रथिन साचत साचत केंद्रकात परतते आणि आपल्याच जनुकाचे तोंड बंद करते, प्रथिन झिजले की जनुक पुन्हा बोलू लागते. एक फेरी सुमारे चोवीस तासांची. २०१७ चे नोबेल या तिघांना मिळाले, आणि ते योग्यच होते. बेन्झर २००७ मध्ये आणि कोनोप्का २०१५ मध्ये वारले होते.

या चक्रातील दोन टप्प्यांना जीवशास्त्र जी नावे देते ती आपल्या व्यवसायातील आहेत: प्रतिलेखन आणि भाषांतर. जनुक ही संहिता, पेशी ही वाचक, प्रथिन हे भाषांतर! या रूपकाची ताकद कमी लेखू नये. त्याने तीस वर्षे संशोधनाला दिशा दिली. पण संहितेला सर्वस्व मानणाऱ्या समीक्षेप्रमाणेच त्याने एक गोष्ट नजरेआड केली: कागद, शाई, दिवा आणि वाचणाऱ्याची भूक. पेशीतील लघुरेणूंना या चित्रात जागा होती ती फक्त सामग्री म्हणून.

त्या चित्राला पहिला मोठा तडा जपानमध्ये गेला. नागोया येथील ताकाओ कोंदो यांचा गट नील-हरित जीवाणूंवर काम करीत होता. या जीवाणूंच्या घड्याळाची तीन प्रथिने ‘काय’ या नावाने ओळखली जातात. जपानीत त्याचा अर्थ फेरा किंवा आवर्तन. (मराठी वाचकाला त्यात आपला प्रश्न ऐकू येईल, आणि तोही अस्थानी नाही.) २००५ मध्ये त्यांनी ही तीन प्रथिने आणि एटीपी हा इंधनरेणू एवढेच परीक्षानळीत एकत्र केले. तेथे जनुक नव्हते, केंद्रक नव्हते, पेशीसुद्धा नव्हती. त्या नळीत एका प्रथिनावर फॉस्फेट चढत-उतरत राहिले, चोवीस तासांच्या लयीने, किमान तीन दिवस. आणि तापमान बदलले तरी कालावधी जवळपास तोच राहिला. पिटेन्ड्रिघ यांचे कोडे या नळीत उघड्यावर येऊन बसले.

दोन वर्षांनी कळले की ‘काय-सी’ हे प्रथिन दिवसभरात एटीपीचे अवघे पंधरा रेणू खर्च करते. विकरांच्या जगात ही गती आश्चर्य वाटावे इतकी संथ आहे, आणि खर्चाची ही गती तापमानाला फारशी भीक घालत नाही. ‘घड्याळ’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चावी, दाते आणि काटे येतात. त्यात चावीची शक्ती वेगळी आणि वेळ मोजणारी चाके वेगळी. या प्रथिनाला त्याहून आपले घटिकापात्र जवळचे. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, झाली. आत येणारे पाणी हीच शक्ती आणि तेच मापही. ‘काय-सी’मध्ये एटीपीचा खर्च हाच काळ आहे. २०११ मध्ये रस्ट, गोल्डन आणि ओशे यांनी आणखी एक पाऊल टाकले. अंधार पडला की जीवाणूतील एटीपी कमी होते आणि त्याचे खर्चलेले रूप, एडीपी, वाढते. परीक्षानळीत केवळ हे प्रमाण काही तास बदलले तरी घड्याळाची वेळ सरकते. या जीवाणूला रात्र ‘दिसण्या’साठी डोळा लागत नाही, तिजोरीतील खडखडाट पुरतो.

सस्तन प्राण्यांत असे एकच सुटसुटीत उत्तर नाही, पण सुगावे अनेक आहेत. २००१ मध्ये स्टीव्हन मॅकनाइट यांच्या गटाने दाखवले, की घड्याळाची मुख्य प्रथिने डीएनएला किती घट्ट धरतात हे एनएडी या रेणूच्या ऑक्सिडीकरणाच्या स्थितीवर परीक्षानळीत तरी अवलंबून असते. हा एनएडी पेशी ब-३ जीवनसत्त्वापासून बनवते आणि अन्नातून ऊर्जा काढताना सतत वापरते. २००८-०९ मध्ये वर्तुळ पुरे झाले: एनएडी पुनर्निर्माण करणाऱ्या विकराचे जनुक घड्याळाच्या ताब्यात असते, त्यामुळे एनएडीची पातळी दिवसभरात चढते-उतरते, आणि तो एनएडी सर्ट-१ या विकरामार्फत पुन्हा घड्याळाच्याच प्रथिनांवर काम करतो. घड्याळ इंधनाचा पुरवठा ठरवते आणि पुरवठा घड्याळाला चिमटा काढतो. २००८ मध्येच केंब्रिजचे जॉन ओ’नील, मायकेल हेस्टिंग्ज आणि सहकारी यांनी सायक्लिक एएमपी या निरोप्या रेणूबद्दल म्हटले, की तो घड्याळाचा निव्वळ हरकाम्या नसून त्याच्या गाभ्याचा भाग आहे. त्याची निर्मिती मंदावली की मेंदूतील घड्याळपेशींचा दिवस लांबतो. रक्ताला रंग देणारा हीम आणि २०१६ मध्ये साधा मॅग्नेशियमचा आयन, असे आणखी सदस्य या सभेत दाखल झाले. मॅग्नेशियम तर मानवी पेशीत आणि एकपेशीय शैवालातही रोज चढतो-उतरतो.

चहा-कॉफी पिणाऱ्यांना यातील एक बाब जवळची वाटेल. कॅफीन पेशीच्या याच निरोप-यंत्रणेत ढवळाढवळ करते. २०१५ मध्ये मूठभर स्वयंसेवकांवर झालेल्या एका काटेकोर प्रयोगात, झोपण्यापूर्वी तीन तास घेतलेल्या दुहेरी एस्प्रेसोइतक्या कॅफीनने शरीराचे घड्याळ सुमारे चाळीस मिनिटे मागे पडले. झोप उडणे ही एक गोष्ट आणि रात्रच पुढे ढकलली जाणे ही दुसरी. औषधनिर्मात्यांचे लक्ष इकडे वळणे स्वाभाविक होते. २०१० मध्ये लाखाहून अधिक संयुगे चाळून ‘लाँगडेसिन’ नावाचा एक रेणू सापडला. तो मानवी पेशींचा दिवस दहा तासांहूनही अधिक लांबवतो.

पण अ‍ॅसिटॅब्युलेरियाला खरा सोबती मिळाला तो २०११ मध्ये, आणि तो आपल्या प्रत्येकाच्या नसांतून वाहत होता. तांबड्या रक्तपेशीला केंद्रक नसते. घडताना ती ते टाकून देते आणि पुढचे सुमारे १२० दिवस त्याविना जगते. ओ’नील आणि अखिलेश रेड्डी यांनी माणसाच्या अशा पेशी अंधारात, स्थिर तापमानात ठेवल्या. तिच्यातील पेरॉक्सिरेडॉक्सिन या प्रथिनाचे ऑक्सिडीकरण चोवीस तासांच्या लयीत चालू राहिले. येथे ‘हुकूम आधीच लिहून ठेवले असतील’ हा बचाव पन्नास वर्षांपूर्वीइतका सोपा नव्हता, कारण या पेशीत नवे प्रथिन बनवण्याची सोयही उरलेली नसते. त्याच अंकात एका सूक्ष्म शैवालावरचा सोबतचा निबंध होता. अंधारात त्याचे प्रतिलेखन थांबले, तरी हीच लय थांबली नाही.

बिअ‍ॅट्रिस स्वीनी हे पाहायला नव्हत्या; त्या १९८९ मध्ये निवर्तल्या.

यावरून जनुकांची गादी गेली असे जाहीर करण्याची घाई मात्र काहींना झालेली दिसते, आणि ती आम्हांला पटत नाही. कोनोप्काच्या माशीचे १९ तास अजून १९ तासच आहेत. एकाच जनुकातील बदलाने जी लय तुटते, तिच्यात ते जनुक नुसते शोभेचे नव्हे. श्वायगर यांच्या पेशीने नव्या केंद्रकाचे ऐकले होते, हेही विसरता येत नाही. उलट बाजूचे दावेही सहज स्वीकारले जात नाहीत. २०२० मध्ये रेड्डी यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये लिहिले, की बीमॅल-१ हे घड्याळाचे आधारस्तंभ मानले जाणारे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या पेशींतही चोवीस तासांच्या लयी आढळतात. २०२१ मध्ये त्याच नियतकालिकात इतर शास्त्रज्ञांनी त्या आकड्यांच्या विश्लेषणावर आक्षेप घेतले आणि मूळ लेखकांनी त्यांना उत्तरे दिली. आक्षेप होता तो असा, की गोंगाटातून लय वाचली जात आहे. चौसष्ट वर्षांपूर्वी याच नियतकालिकाच्या पानांवर एकशिंगी घोड्याने हेच म्हटले होते.